विश्लेषण : विद्यापीठांना आपले खेळाडू आठवतात का? काय असतो ‘हॉल ऑफ फेम’?

अमेरिकेतील विद्यापीठांमध्ये सप्टेंबर-ऑक्टोबर हा ‘होमकमिंग’चा हंगाम. माजी विद्यार्थी गावोगावहून परततात, शनिवारी फुटबॉलचा सामना असतो (हा फुटबॉल म्हणजे हेल्मेट घालून हातात चेंडू घेऊन पळण्याचा) आणि बऱ्याच ठिकाणी मध्यंतरात काही साठी-सत्तरीतल्या माणसांना मैदानाच्या मधोमध उभे केले जाते. ध्वनिक्षेपकावरून नावे पुकारली जातात. कुणी १९७०च्या दशकात भालाफेकीत पदक मिळवलेले असते, कुणी तीस वर्षे जलतरणाचा संघ घडवलेला असतो. प्रेक्षकांतल्या विशीतल्या मुलांना यातले एकही नाव ठाऊक नसते, तरीही ती उभी राहून टाळ्या वाजवतात. हा विद्यापीठाच्या क्रीडा ‘हॉल ऑफ फेम’मध्ये समावेश होण्याचा सोहळा.

आपल्याकडे ‘हॉल ऑफ फेम’ म्हटले की आयसीसीचा हॉल आठवतो. २००९ मध्ये तो सुरू झाला तेव्हा सुनील गावसकर, बिशनसिंग बेदी आणि कपिल देव पहिल्याच यादीत होते. सचिन तेंडुलकर २०१९ मध्ये आला, तर डायना एडल्जी २०२३ मध्ये तेथे पोहोचलेल्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या. पण जागतिक कीर्तीच्या खेळाडूला जागतिक संस्थेने सन्मानित करणे तसे सोपे असते. ज्याची कीर्ती कदाचित जिल्ह्याबाहेर गेलीच नाही, पण ज्याने चार वर्षे विद्यापीठाची जर्सी घालून घाम गाळला, त्याची नोंद कुणी ठेवायची?

हॉल म्हणजे खरोखर दालन असते का?

अनेकदा नसते. काही ठिकाणी स्वतंत्र संग्रहालय आहे, काही ठिकाणी बास्केटबॉलच्या स्टेडियममधली एक भिंत आणि तिच्यावर पितळी पाट्या. छोट्या महाविद्यालयांत तर संकेतस्थळावरचे एक पान, एवढाच तो ‘हॉल’. महत्त्व इमारतीला नाही, पद्धतीला आहे. माजी खेळाडू, प्राध्यापक आणि क्रीडा विभागाचे अधिकारी यांची समिती असते. कुणीही नाव सुचवू शकतो. खेळाडूने विद्यापीठ सोडून ठरावीक वर्षे, बहुतेक ठिकाणी पाच किंवा दहा, उलटलेली असावी लागतात. खेळाडू, प्रशिक्षक आणि ‘योगदान देणारे’ असे वेगवेगळे गट असतात. या तिसऱ्या गटात फिजिओथेरपिस्ट, सामन्यांचा हिशेब ठेवणारा कारकून, स्थानिक वार्ताहर असे कुणीही येऊ शकते. देणगीदारही येतात, आणि तिथेच शंकेला जागा निर्माण होते. स्टेडियमला कोट्यवधी डॉलर देणारा माणूस ‘योगदान’ याच शब्दाखाली भिंतीवर चढतो. माजी विद्यार्थ्यांना भावनेने बांधून ठेवणे आणि त्यांच्याकडून निधी उभारणे हा या सोहळ्यांचा उघड हेतू आहे. अमेरिकी विद्यापीठे तो लपवतही नाहीत.

स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या हॉलची कल्पना मात्र विद्यापीठातल्या कुणाची नव्हतीच. १९५४ मध्ये ‘पालो अल्टो टाइम्स’ या स्थानिक दैनिकाच्या क्रीडा संपादकाने ती मांडली. ज्याने वर्षानुवर्षे सामन्यांच्या बातम्या लिहिल्या, त्यालाच जुनी नावे विसरली जात असल्याचे आधी जाणवले.

कल्पना मुळात आली कुठून?

अमेरिकेतला पहिला ‘हॉल ऑफ फेम’ खेळाचा नव्हता, पण तो उभा राहिला विद्यापीठाच्याच आवारात. न्यूयॉर्क विद्यापीठाचे कुलगुरू हेन्री मॅक्क्रॅकन यांनी १९००मध्ये ‘हॉल ऑफ फेम फॉर ग्रेट अमेरिकन्स’ सुरू केला. ब्रॉन्क्समधल्या टेकडीवर विद्यापीठाच्या ग्रंथालयाची इमारत होती. टेकडीच्या कडेला बांधावी लागलेली आधारभिंत दिसायला ओबडधोबड होती. ती झाकण्यासाठी स्टॅनफर्ड व्हाइट या वास्तुरचनाकाराने खांबांची लांबलचक अर्धवर्तुळाकार ओसरी उभारली आणि तिच्यात थोरांचे अर्धपुतळे बसवायचे ठरले. कीर्तीच्या पहिल्या दालनाचे एक काम भिंत झाकण्याचे होते, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

नियम कडक होते. देशभरातले नामवंत मतदान करत. उमेदवार मरण पावून दहा वर्षे झालेली असावीत अशी अट होती, पुढे ती पंचवीस वर्षांवर नेली. १९००च्या पहिल्या निवडीत २९ जण आले. त्यात एकही स्त्री नव्हती, त्यासाठी १९०५ उजाडावे लागले. काही दशके या निवडीची वृत्तपत्रांत जोरदार चर्चा होई. नंतर लोकांचा रस आटला, पैसाही आटला. १९७३ मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठाने ते आवारच विकले, तिथे आज ब्रॉन्क्स कम्युनिटी कॉलेज आहे. १९७०च्या दशकात शेवटच्या निवडी झाल्या, पण निवडलेल्या काहींचे पुतळे निधीअभावी कधी बसलेच नाहीत. २०१७ मध्ये रॉबर्ट ली आणि स्टोनवॉल जॅक्सन या गुलामगिरीच्या बाजूने लढलेल्या सेनानींचे पुतळे तेथून हटवण्यात आले.

म्हणजे शंभर-सव्वाशे वर्षांत या एकाच ओसरीने सगळे पाहिले : स्त्रियांना वगळणे, अटी बदलणे, पैसा संपणे, मालक बदलणे आणि शेवटी दिलेला मान काढून घेणे. पुढे क्रीडाक्षेत्राने ही कल्पना उचलली. बेसबॉलच्या हॉलची पहिली निवड १९३६ची. विद्यापीठांनीही ती आपापल्या क्रीडा विभागात आणली, आणि हे सगळे प्रश्नही तिच्याबरोबर आले.

जेसी ओवेन्सला किती वर्षे थांबावे लागले?

२५ मे १९३५. मिशिगन राज्यातले ॲन आर्बर. ओहायो स्टेट विद्यापीठाच्या जेसी ओवेन्सने साधारण पाऊण तासात तीन जागतिक विक्रम मोडले आणि एकाची बरोबरी केली. पुढच्या वर्षी बर्लिनमध्ये त्याने चार सुवर्णपदके जिंकली, ती कथा सगळ्यांना माहीत आहे. कमी माहीत आहे ते हे, की ज्या विद्यापीठासाठी तो धावत होता तिथल्या वसतिगृहात त्याला जागा नव्हती, कारण तो कृष्णवर्णीय होता. शिष्यवृत्तीही नव्हती. शिक्षणाचा खर्च भागवण्यासाठी त्याला मिळेल ती कामे करावी लागत. संघाबरोबर प्रवास करताना गोरे सहकारी ज्या हॉटेलात जेवत, तिथे त्याला प्रवेश नसे.

ओहायो स्टेटने १९७२ मध्ये ओवेन्सला मानद डॉक्टरेट दिली. विद्यापीठाचा क्रीडा हॉल ऑफ फेम १९७७ मध्ये सुरू झाला आणि पहिल्याच तुकडीत त्याचे नाव आले. ॲन आर्बरच्या त्या दुपारनंतर ४२ वर्षांनी. १९८० मध्ये तो गेला. आज विद्यापीठाचे ॲथलेटिक्सचे स्टेडियम त्याच्या नावाने आहे.

उशिरा का होईना, मान मिळाला, असे म्हणून हा विषय मिटवता येतो. पण ओवेन्सची पाटी भिंतीवर लावताना ‘विद्यापीठाचा सुपुत्र’ म्हणायचे आणि त्याला वसतिगृहात खोली नाकारली हे पाटीवर लिहायचे नाही, याला गौरव म्हणता येत नाही. ती पुन्हा एकदा आधारभिंत झाकणे झाले.

आयोवा स्टेट विद्यापीठातला जॅक ट्राइस हा त्या विद्यापीठाचा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. ऑक्टोबर १९२३ मध्ये मिनेसोटाविरुद्धच्या सामन्यात तो जबर जखमी झाला आणि दोन दिवसांनी मरण पावला. व्यायामशाळेत त्याच्या नावाची एक पाटी लागली आणि धुळीने माखून विस्मरणात गेली. १९५०च्या दशकात एका विद्यार्थ्याला ती दिसली. १९७०च्या दशकात विद्यार्थ्यांनी स्टेडियमला ट्राइसचे नाव द्यावे म्हणून चळवळ उभारली. प्रशासन टाळत राहिले. आधी नुसत्या मैदानाला नाव मिळाले आणि संपूर्ण स्टेडियमला ते मिळायला १९९७ उजाडले. इथे स्मरण ठेवले ते समितीने नाही, विद्यार्थ्यांनी. त्यांच्यापैकी कुणीही ट्राइसला खेळताना पाहिले नव्हते.

पदवी नसेल तर मान नाही?

जॉर्जिया विद्यापीठाने १९९६ मध्ये ‘सर्कल ऑफ ऑनर’ सुरू केले. त्याची एक अट वेगळी आहे : खेळाडूने पदवी पूर्ण केलेली असली पाहिजे. वरवर पाहता अट योग्य वाटते. विद्यापीठ म्हणजे काही क्लब नव्हे. पण या अटीत अडकला तो जॉर्जियाचा सर्वांत मोठा खेळाडू. हर्शेल वॉकरने १९८० मध्ये पहिल्याच वर्षी संघाला राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिले, १९८२ची ‘हाइझमन ट्रॉफी’ म्हणजे देशातल्या सर्वोत्तम विद्यापीठीय फुटबॉलपटूचा मान जिंकला आणि शिक्षण अर्धवट सोडून व्यावसायिक लीगमध्ये गेला. पदवी नसल्याने अनेक वर्षे त्याला या वर्तुळात जागा मिळू शकली नाही. अखेर डिसेंबर २०२४ मध्ये, साठी ओलांडल्यावर, त्याने ती पदवी पूर्ण केली.

हीच अट ओहायोत असती तर? ओवेन्सने पदवी पूर्ण केलेली नव्हती. घरखर्चासाठी त्याला ऑलिम्पिकनंतर कमाईच्या मागे लागावे लागले. म्हणजे विद्यापीठाने ज्याला ना शिष्यवृत्ती दिली ना राहायला जागा, त्याला पदवी नाही म्हणून मानही नाकारला गेला असता. पदवीची अट खेळाडूला लावण्याआधी ती प्रशिक्षकाला लावली पाहिजे. त्याच्या हाताखालचे किती खेळाडू शिक्षण पूर्ण करून बाहेर पडले, हा प्रश्न प्रशिक्षकाच्या निवडीच्या वेळी विचारला गेला तर चित्र बदलेल.

त्या कसोटीला पुरून उरणारे एक नाव आहे. पॅट समिट १९७४ मध्ये टेनेसी विद्यापीठाच्या महिला बास्केटबॉल संघाच्या प्रशिक्षक झाल्या तेव्हा वय होते २२ आणि पगार महिना २५० डॉलर. संघाची व्हॅन त्या स्वतः चालवत, गणवेश स्वतः धुवत. ३८ हंगामांत १,०९८ विजय आणि आठ राष्ट्रीय विजेतेपदे ही त्यांची कामगिरी. आणि विद्यापीठासाठी खेळण्याची आपली सगळी वर्षे पूर्ण करणारी त्यांची प्रत्येक खेळाडू पदवीधर झाली. २०११ मध्ये अल्झायमरचे निदान झाल्याचे त्यांनी जाहीर केले, २०१२ मध्ये पद सोडले आणि २०१६ मध्ये त्यांचे निधन झाले.

समिट यांच्या वाटेत १९७२चा एक कायदा होता. ‘टायटल नाइन’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या तरतुदीने सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना स्त्री-पुरुष भेदभाव करण्यास मनाई केली आणि विद्यापीठांना महिलांच्या संघांकडे लक्ष देणे भाग पडले. त्यापूर्वीच्या खेळाडू मुलींच्या नोंदी फारशा नाहीत, कारण त्यांचे सामने ‘अधिकृत’ मानलेच गेले नाहीत. टेक्सास विद्यापीठाचे पुरुषांचे सन्मान दालन १९५७चे. महिलांचे आले २०००मध्ये. मधली ४३ वर्षे नंतर भरून काढणे समितीच्या हातात नसते, कारण कागदच नसतो.

दिलेला मान परत घेता येतो का?

येतो. पण घेण्याची वेळ आली म्हणजे द्यायला घाई झाली होती.

पेन स्टेट विद्यापीठाचे जो पॅटर्नो यांच्याइतका आदर फार थोड्या प्रशिक्षकांना मिळाला. २००१ मध्ये, ते अजून प्रशिक्षक असतानाच, स्टेडियमबाहेर त्यांचा पुतळा बसला. नोव्हेंबर २०११ मध्ये त्यांचे माजी सहायक जेरी सँडस्की यांना लहान मुलांच्या लैंगिक शोषणाच्या आरोपांखाली अटक झाली. पॅटर्नो यांना पदावरून दूर करण्यात आले, जानेवारी २०१२ मध्ये त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी जूनमध्ये सँडस्की ४५ आरोपांत दोषी ठरले. विद्यापीठाने नेमलेल्या चौकशीच्या अहवालात वरिष्ठांनी माहिती दडवल्याचा ठपका होता आणि वरिष्ठांत पॅटर्नोंचेही नाव होते. त्यांच्या कुटुंबाने तो निष्कर्ष अमान्य केला. २२ जुलै २०१२ रोजी पुतळा हटवला गेला. दुसऱ्या दिवशी विद्यापीठीय खेळांची नियामक संस्था ‘एनसीएए’ने पॅटर्नो यांच्या नावावरचे १११ विजय रद्द केले. जानेवारी २०१५ मध्ये एका तडजोडीत ते परत देण्यात आले. पुतळा परतला नाही.

पद सोडल्यानंतर पाच वर्षे थांबण्याचा साधा नियम पाळला असता, तर २००१ मध्ये पुतळा उभाच राहिला नसता. हा नियम तांत्रिक वाटतो, पण त्यामागे शहाणपण आहे. पदावर असलेल्या माणसाचा पुतळा समोर उभा असताना त्याच्या विभागाविषयी तक्रार करायला एखाद्या कनिष्ठ कर्मचाऱ्याला किंवा कोवळ्या मुलाला किती धाडस लागेल, याचा विचार केला तर हे सहज कळते.

उलट बाजूही आहे. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाचा रेजी बुश याने एजंटांकडून पैसे-भेटी घेतल्याचे ठरवून २०१० मध्ये विद्यापीठाला त्याच्याशी संबंध तोडायला लावले गेले आणि त्याने हाइझमन ट्रॉफी परत केली. नंतरच्या दशकात नियमच बदलले. २०२१ पासून विद्यार्थी खेळाडूंना स्वतःच्या नावावर कमाई करण्याची मुभा मिळाली. एप्रिल २०२४ मध्ये बुशला ट्रॉफी परत देण्यात आली आणि जून २०२५ मध्ये मंजूर झालेल्या न्यायालयीन तडजोडीनंतर तर विद्यापीठे वर्षाला सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलरपर्यंत रक्कम थेट खेळाडूंना वाटू शकतात. मुलांचे शोषण दडपणे आणि नियमबाह्य भेटी घेणे ही दोन्ही ‘गैरवर्तन’ या एकाच शब्दात कोंबली की अशी फसगत होते. नियमभंग काळाबरोबर किरकोळ ठरू शकतो. माणसाला झालेली इजा ठरत नाही.

या नव्या व्यवस्थेने आणखी एक पेच आणला आहे. खेळाडू आता सहज विद्यापीठ बदलतात. तीन वर्षांत तीन जर्सी घालणाऱ्याची पाटी नेमकी कुठल्या भिंतीवर लागणार?

महाराष्ट्राचा यात काय संबंध?

हा शेवटचा पेच महाराष्ट्राला नवा नाही. फक्त इथे खेळाडू जागेवर राहिला आणि विद्यापीठ बदलले.

खाशाबा जाधव यांचेच घ्या. कराड तालुक्यातल्या गोळेश्वरचा हा मल्ल कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचा विद्यार्थी. १९४८ मध्ये लंडन ऑलिम्पिकमध्ये सहावा. १९५२ मध्ये हेलसिंकीला जायचे तर पैसे नव्हते. महाविद्यालयाचे प्राचार्य बाळासाहेब खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले. खाशाबांनी कांस्यपदक आणले, स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. आता प्रश्न असा, की हा खेळाडू कोणत्या विद्यापीठाचा? राजाराम महाविद्यालय आधी मुंबई विद्यापीठाकडे होते. १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ सुरू झाल्यावर ते तिकडे गेले. १९६२ मध्ये शिवाजी विद्यापीठ स्थापन झाले आणि कोल्हापूर त्याच्याकडे आले. तीन विद्यापीठे हक्क सांगू शकतात आणि तिघांपैकी प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोटही दाखवू शकतो.

राज्यात सगळीकडे असेच घडले. जळगावचे विद्यापीठ १९९० मध्ये पुण्यापासून, नांदेडचे १९९४ मध्ये मराठवाडा विद्यापीठापासून, सोलापूरचे २००४ मध्ये शिवाजी विद्यापीठापासून, गडचिरोलीचे २०११ मध्ये नागपूरपासून वेगळे झाले. गोवा विद्यापीठ १९८५ मध्ये होईपर्यंत पणजी-मडगावची महाविद्यालये मुंबईशी संलग्न होती. म्हणजे १९८२ मध्ये धुळ्याहून आंतरविद्यापीठ कबड्डीला निवडली गेलेली मुलगी पुणे विद्यापीठाच्या संघातून खेळली, आणि आज तिचे महाविद्यालय जळगावच्या विद्यापीठात आहे. तिचा ‘कलर कोट’ माहेरच्या कपाटात असेल कदाचित. तिची नोंद कुठे आहे?

इतिहास कमी आहे म्हणून नोंद नाही, असेही नाही. रोहिंटन बारिया करंडकाची आंतरविद्यापीठ क्रिकेट स्पर्धा १९३५-३६ पासूनची. अजित वाडेकर आणि सुनील गावसकर मुंबई विद्यापीठाकडून खेळूनच पुढे गेले. सर्वोत्तम क्रीडा विद्यापीठाला दिली जाणारी मौलाना अबुल कलाम आझाद ट्रॉफी १९५६-५७ मध्ये सुरू झाली आणि पहिल्याच वर्षी ती मुंबई विद्यापीठाने पटकावली. नंतर अमृतसर, पतियाळा आणि चंदीगडच्या विद्यापीठांनी तिच्यावर जवळजवळ मालकीच सांगितली, तो वेगळा विषय. अंजली भागवत यांच्या हातात पहिल्यांदा रायफल आली ती महाविद्यालयातल्या एनसीसीमुळे. देशाच्या क्रीडा इतिहासात विद्यापीठ हे असे जागोजागी आहे. विद्यापीठांच्या स्वतःच्या इतिहासात मात्र खेळ म्हणजे वार्षिक अहवालातली दोन पाने.

मान मिळण्यातली दिरंगाई तर आपल्यालाही ओळखीची आहे. खाशाबा पोलीस खात्यात राबले, १९८४ मध्ये रस्ते अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर, पदकानंतर जवळपास अर्ध्या शतकाने. २०१०मध्ये दिल्लीतल्या कुस्तीच्या स्टेडियमला त्यांचे नाव दिले गेले. आणि खर्डेकर? ते कुस्तीगीर नव्हते, प्रशिक्षकही नव्हते. अमेरिकी हॉलमधला ‘योगदान देणारे’ हा गट नेमका त्यांच्यासारख्यांसाठी असायला हवा, कोट्यवधींची देणगी देणाऱ्यापेक्षा घर गहाण ठेवणाऱ्यासाठी.

मग आपल्या विद्यापीठांनीही हॉल बांधावेत का?

इतक्यात बांधू नयेत. कारण बांधायला घेतले की काय होईल याचा अंदाज करता येतो. निविदा निघेल, कोनशिला बसेल, उद्घाटनाला मंत्री येतील आणि भिंतीवर पहिली दहा नावे अशांची लागतील ज्यांना पाटीची गरजच नाही. अकरावे नाव शोधायला कुणाकडे कागद नसेल.

आधी नोंदवही हवी. कोणत्या वर्षी, कोणत्या खेळात, कोणत्या महाविद्यालयातून, कुणाच्या मार्गदर्शनाखाली, कोण आंतरविद्यापीठ स्पर्धेत खेळले, एवढेच. साध्या स्प्रेडशीटमध्ये मावेल अशी माहिती आहे ही. ‘विद्यापीठ’ या रकान्यात मात्र दोन नोंदी लागतील, तेव्हाचे आणि आताचे. २०१६च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने विद्यापीठांत क्रीडा व शारीरिक शिक्षण मंडळाची तरतूद केली आहे. हे काम त्याच मंडळाचे. ‘मार्गदर्शक’ हा रकाना रिकामा सोडू नये, कारण महाविद्यालयाच्या जिमखान्यात तीस-तीस वर्षे काढलेल्या शारीरिक शिक्षण संचालकांची, ज्यांना सगळे ‘पीटीचे सर’ म्हणून ओळखतात त्यांची, नावे ना पदकांवर असतात ना प्रमाणपत्रांवर.

हे काम निव्वळ आठवणींचे आहे, असेही नाही. राज्यात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे आणि बोगस क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणे याच राज्यात उघडकीस आली आहेत. प्रमाणपत्र खरे की खोटे हे पडताळायला क्रीडा विभागाचे अधिकारी जेव्हा जुने कागद मागतात, तेव्हा संघाची यादी कुणाकडे सापडली नाही तर त्याचा फटका बनावट कागद घेऊन आलेल्यापेक्षा खऱ्या खेळाडूलाच जास्त बसतो. खुली, तारीखवार, कुणालाही पाहता येईल अशी नोंदवही असेल तर पडताळणीचे निम्मे काम तिथेच होते.

पाट्यांचा विचार त्यानंतर. तेव्हा मात्र नियम आधी लिहून ठेवावे लागतील : पदावरच्या माणसाचा गौरव नाही, देणगीदारांची पाटी वेगळ्या भिंतीवर, दर वर्षी निवडलेल्यांत महिला किती आणि सांघिक खेळांतल्या किती याचा हिशेब जाहीर, आणि मान काढून घ्यायचा झाल्यास तो कोण, कोणत्या कारणाने, कुणाचे म्हणणे ऐकून काढणार हेही पहिल्याच दिवशी ठरलेले.

नोंदी गोळा करण्याचे काम मात्र थांबू शकत नाही. १९६५ मध्ये विशीत असताना आंतरविद्यापीठ स्पर्धा खेळलेला खेळाडू आज ऐंशीच्या पुढे आहे, त्याला शिकवणारे सर बहुतेक आता नाहीत. जुन्या संघांची छायाचित्रे अजून अनेक महाविद्यालयांच्या जिमखान्यात टांगलेली आहेत. त्यातल्या मागच्या रांगेतल्या मुलांची नावे सांगू शकणारी माणसे त्याच फोटोत पुढच्या रांगेत बसलेली आहेत.